शर्यतीचें आसन आणि त्याचे रूळ

गेल्या महिन्यांत एकाच आठवड्यांत आम्हांस दोन पत्रें आलीं. पहिलें अमेरिकेंत नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याचें. त्यानें माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही दोघांपुरती उघडी मोटार घेतली असून, तिचीं मूळचीं आसनें काढून शर्यतीचीं आसनें बसवावयाचें त्याच्या मनांत आहे. "मामा, कोणतें आसन घेऊं?" एवढाच त्याचा प्रश्न. दुसरें पत्र त्याच्या आईचें. "दादा, असल्या आसनानें गाडी अधिक सुरक्षित होते असें तो म्हणतो. तें खरें का, तेवढें मला कळव," असें तिनें लिहिलें होतें. दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे; आणि मुलें परदेशीं असलेल्या आमच्या वाचकांच्या घरीं हा विषय आज ना उद्यां निघण्याचा संभव असल्यामुळें तें येथेंच देत आहों.

ही मोटार १९८९ सालीं शिकागो येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली, आणि २०१६ पर्यंत अशा १० लाख मोटारी तयार झाल्या. 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा व स्वार यांचें ऐक्य, हें जपानी वचन तिच्या निर्मात्यांनीं ध्येय म्हणून पुढें ठेविलें. आपल्याकडील शिलेदारास हें समजावून सांगावें लागलें नसतें. मांड पक्की नसेल तर लगाम हातीं असून उपयोग नाहीं, हें तो जाणत होता. मोटारींतहि तसेंच आहे. वळणावर अंग घसरूं लागलें, कीं चालक स्टीअरिंगलाच धरून तोल सांवरतो. मग ज्या हातांनीं गाडी वळवावयाची, तेच हात अंग सांवरण्यांत गुंततात. शर्यतीचें आसन मांड्या, कंबर व खांदे दोहों बाजूंनीं धरून ठेवतें व हात मोकळे करतें. हा त्याचा खरा गुण होय.

परंतु स्वार खोगिरावर बसतो, तर खोगीर तंगावर टिकतें. आसनाचा तंग म्हणजे त्याचे रूळ, ब्रॅकेट व बोल्ट. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदांत थांबली, तर ७५ किलो वजनाच्या माणसाचा भार त्या क्षणीं १,००० किलोहून अधिक होतो. टक्कर पुढून झाली तर तो मुख्यतः पट्ट्यावर येतो. मागून तेवढाच धक्का बसला तर आसनाच्या पाठीवर, व तेथून बोल्टांवर. म्हणून एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार-महासंघाचे शर्यतीचे नियम याविषयीं कडक आहेत. आसन गाडीच्या तळाशीं निदान ४ ठिकाणीं बांधलेलें असावें, बोल्ट निदान ८ मिलिमीटर व्यासाचे असावेत, आणि ब्रॅकेट पोलादी असल्यास निदान ३ मिलिमीटर व हलक्या मिश्रधातूचें असल्यास निदान ५ मिलिमीटर जाड असावें, असें त्यांत सांगितलें आहे. तळाचा पत्रा पातळ असतो; नवें भोंक पाडून नुसता वॉशर घातला तर धक्क्यासरशी बोल्ट पत्रा फाडून बाहेर येऊं शकतो. यास्तव मूळच्याच भोंकांत बसणारें, त्याच गाडीसाठीं बनविलेलें ब्रॅकेट घ्यावें. नवें भोंक अटळच असेल तर पत्र्याखालीं जाड पोलादी पट्टी द्यावी. सरकते रूळ घेतल्यास खिटी दोन्ही रुळांस असावी. एकीकडेच असल्यास आसन पिळतें. शिवाय रुळांमुळें आसन सुमारें एक इंच उंच होतें, आणि एवढ्या ठेंगण्या गाडींत एक इंच थोडा नव्हे. गाडी एकट्यानेंच चालवावयाची असेल तर स्थिर ब्रॅकेट बरें. सूनबाईहि चालविणार असतील तर रूळ हवेतच.

आतां आसनाची निवड. दुकानीं जाऊन अर्धा तास त्यांत बसून पाहावें. चित्र पाहून घेऊं नये. या गाडींत दार व मधला उंचवटा यांमध्यें जागा बेताची, म्हणून आसनाची रुंदी ब्रॅकेटांसह मोजावी. पाठ टेकलेली असतां मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर पोंचावें, आणि पॅडल पूर्ण दाबलें तरी गुडघा किंचित् वांकलेला राहावा. आसनावरील एफआयएची चिठ्ठी वाचावी. ८८५५-१९९९ या प्रमाणाच्या आसनास तयार झाल्यापासून ५ वर्षांची मुदत असते, व ८८६२-२००९ च्या आसनास १० वर्षांची. अपघातांतून आलेलें आसन फुकट मिळालें तरी घेऊं नये.

येथवर भाच्यासाठीं झालें. त्याच्या आईनें लक्ष द्यावें असा भाग याच्या पुढें आहे. अलीकडच्या एमएक्स-५ मध्यें मूळच्या आसनाच्या बाहेरील कडेंतच एअरबॅग असते. आसन काढलें कीं तीहि गेली. फळीवरचा इशाऱ्याचा दिवा युक्तीनें विझवितां येतो, पण त्यामुळें एअरबॅग परत येत नाहीं. पुष्कळ गाड्यांत पट्ट्याचें कुलूपहि आसनालाच जोडलेलें असतें. त्याची नवी जागा कोणती, हें आधीं ठरवावें लागतें. शर्यतीच्या आसनाबरोबर कोणी खांद्यांवरून येणारा हार्नेस लावतात. तो माणसास ताठ बांधून ठेवतो. गाडी उलटली आणि डोक्यावर भक्कम रोल बार नसला, तर बांधलेल्या माणसास खालीं झुकण्यासहि अवसर राहत नाहीं. हार्नेसचे पट्टे खांद्यांपासून मागें जवळजवळ आडवे जावे लागतात. ते तीव्र उतारानें तळाशीं बांधले तर धक्क्याच्या वेळीं पाठीचा कणा दाबतात. रोल बार बसविल्यावरहि, त्याच्या माथ्यापासून पुढच्या कांचेच्या चौकटीपर्यंत काठी ठेवून पाहावी. हेल्मेट घातलेलें डोकें तिच्या खालीं राहिलें पाहिजे. बारावर मऊ वेष्टन घालूनहि, हेल्मेटवांचून तो रस्त्यावर डोक्यास घातकच.

तेव्हां आसन, हार्नेस व रोल बार हीं तिन्ही मिळून एकच वस्तु आहे. केवळ शर्यतीच्या मैदानासाठीं गाडी असेल, तर तिन्ही एकदम व जाणत्या कारागिराकडून बसवावीं. रोज त्याच गाडींतून कचेरीस जावयाचें असेल, तर मूळचें आसन, मूळचा पट्टा व एअरबॅग यांची जोड मोडूं नये. भाच्यास आम्हीं हेंच कळविलें. त्याचें उत्तर चारच ओळींचें आलें: "मामा, काठी लावून पाहिली. डोकें दोन बोटें वर येतें. तूर्त आसन घेत नाहीं." तें पत्र आम्हीं त्याच्या आईकडे तसेंच धाडलें आहे.