पाहुणा खाली, पेंढा माळ्यावर

दिवाळी आणि मे महिना जवळ आला की गणपतीपुळे, आरे-वारे, गुहागरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या वाढतात. ज्या मांगरात पूर्वी आंब्याच्या पेट्या, गवत आणि बागेचा राखणदार असे, तिथे आता मुंबई-पुण्याची कुटुंबे बायकामुलांसह मुक्काम करतात. ही चांगली गोष्ट आहे. एका वर्षी मोहोर गळला तर कर्जात जाणाऱ्या बागायतदाराला चार पैशांचा दुसरा आधार मिळाला. आचारी, सुतार, वायरमन, शिंपी, मंडपवाले यांना काम मिळाले. माझ्या दुकानातूनही चादरी, पडदे, उशांचे अभ्रे आणि मांडवाचे कापड जाते. या धंद्यात माझाही नफा आहे, हे आधीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एक जुने गिऱ्हाईक आले. मांगर दुरुस्त करून चार खोल्या काढल्या होत्या. कौले आणि वासे दिसू नयेत म्हणून वरून लावायला चकचकीत पॉलिस्टर कापड हवे होते. मी साठ मीटर कापले, पैसे घेतले. आठवड्याने त्यांनी जेवायला बोलावले म्हणून गेलो. माझेच कापड छताला ताणलेले होते. त्याच्या वर माळ्यावर भाताचा पेंढा आणि सुकी लाकडे. कापडाला चिकटून बल्बची वायर. स्वयंपाकाचा सिलिंडर आतल्या बोळात. खिडक्यांना लोखंडी गज, आणि चार खोल्यांना मिळून बाहेर पडायला एकच दार. जेवण उत्तम होते, पण माझ्या घशाखाली उतरेना.

मी म्हटले, “भाऊ, हे कापड काढा. सुती देतो, फरकाचे पैसे घेत नाही. आणि पेंढा आधी खाली उतरवा.” ते हसले. म्हणाले, “शेठ, पाहुणे येऊ लागून तीन वर्षे झाली. आजवर कुणी विचारायला आले नाही.” पुढच्या हंगामात त्यांना आणखी कापड लागले. मी तेच पॉलिस्टर द्यायला नकार दिला, तर त्यांनी ते दुसऱ्या दुकानातून घेतले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की एका दुकानदाराच्या नकाराने काही होत नाही. सर्वांना सारखा लागू होणारा नियम पाहिजे.

कापडाबद्दल थोडे सांगतो, कारण ते माझे काम आहे. कापडाची पारख करताना आम्ही दोरा जाळून पाहतो. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची हलकी राख होते. लोकर किंवा रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि ज्योत दूर केली की ते बहुधा आपोआप विझते. पॉलिस्टर आकसते, वितळते आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. थेंब कातडीला लागला की चिकटून बसतो. असे कापड माणसांच्या डोक्यावर ताणणे म्हणजे आगीला वरून खाली यायला वाट करून देणे होय. सुती कापडही पेटते, पण टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवले तर ते सहजी पेट घेत नाही. धुतल्यावर मात्र तो गुण जातो, पुन्हा भिजवावे लागते.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या कार्यक्रमाच्या शामियान्याला आग लागली. छत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे आणि बाहेर पडायची वाट अपुरी. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बरीचशी मुले होती. 15 एप्रिल 1997 रोजी मिना येथे हाजींच्या तंबूंना आग लागली. सुमारे 70 हजार तंबू जळाले आणि 343 हाजी मरण पावले. त्यानंतर सौदी सरकारने तंबूंचे कापडच बदलले. टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंचे, आग न धरणारे तंबू उभारले आणि तंबूत गॅसवर स्वयंपाक करण्यास मनाई केली. आपल्यातील जे हजला जाऊन आले त्यांनी ते तंबू पाहिले आहेत. नियम केला आणि तो पाळून घेतला तर लाखोंच्या वस्तीलाही सुरक्षित करता येते, याचा तो पुरावा आहे.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण तर ताजे आहे. डिसेंबर 2025 मध्ये हडफडे येथील नाइटक्लबला आग लागून 25 जण मरण पावले. मरणाऱ्यांत बहुतेक तिथले कामगार होते, स्वयंपाकघराकडे अडकलेले. शोभेसाठी माडाच्या झावळ्यांचे बांधकाम होते आणि वाट अरुंद असल्याने अग्निशमन दलाच्या गाड्या जवळ जाऊ शकल्या नाहीत. नाइटक्लबशी आपला संबंध नाही, हे खरे. पण झावळ्यांचा मांडव, अरुंद वाट आणि आत अडकणारा गरीब कामगार हे आपल्या बागांतही आहेत.

शिवाय कोकणातील शेताची आग वेगळी असते. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत डोंगरावरचे गवत कोळ होऊन उभे असते. भाजावळीची ठिणगी, फेकलेली विडी किंवा विजेच्या तारांचे घर्षण एवढे वणव्याला पुरे होते. दरवर्षी आंबा-काजूच्या बागा जळतात ते आपण पाहतोच. काजूच्या टरफलांत तेल असते, त्यांचा ढीग पेटला की पाण्याने लवकर आटोक्यात येत नाही. ओलसर पेंढा रचून ठेवला तर तो आतून तापतो आणि कधी कधी स्वतःहून पेटतो. शेतकऱ्याला हे ठाऊक असते. पाहुण्याला नसते. तो रात्री नव्या जागी झोपतो, दार कुठे हे त्याला अंधारात आठवत नाही. म्हणून घरापुरती चालणारी सवय पाहुण्यांच्या मुक्कामाला चालत नाही.

मग कायदा काय सांगतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 मध्ये झाला. त्याप्रमाणे मालकाने किंवा भोगवटादाराने इमारतीत आगीविरुद्ध साधने ठेवायची आणि परवानाधारक संस्थेकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, प्रमाणपत्र द्यायचे. हॉटेले, गोदामे, जमावाच्या जागा डोळ्यांपुढे ठेवून हा कायदा लिहिला आहे. सप्टेंबर 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होऊ लागली, प्रमाणपत्रावर बँकेचे कर्ज मिळण्याची सोय झाली. पण चार खोल्यांचा मांगर हा घर समजायचा, गोठा समजायचा की हॉटेल, हे गावात कुणाला विचारावे? ग्रामपंचायतीकडे अग्निशमन अधिकारी नसतो. बंब शहरातून निघून पाणंदीच्या तोंडाशी येईपर्यंत छप्पर खाली आलेले असते.

काही व्यापारी बांधव म्हणतात, नियम मागू नका, नियम आला की साहेब येतो आणि साहेब आला की खर्च येतो. ही भीती खोटी नाही. मोठ्या हॉटेलाचा नियम जसाच्या तसा चार खोल्यांवर लादला तर लहान माणूस एकतर धंदा बंद करील किंवा पैसे देऊन कागद आणील. दोन्हींत पाहुण्याचा जीव वाचत नाही. म्हणून सूट मागण्याऐवजी आपण आपल्या मापाचा नियम मागावा. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. शासन निर्णयाची मराठी मला दोनदा वाचावी लागते. नियम एका पानाचा, साध्या मराठीत असावा आणि नोंदणी करतानाच हातात मिळावा.

त्या पानावर एवढे असले तरी पुष्कळ झाले. पाहुणे झोपतात त्या छपराखाली किंवा माळ्यावर पेंढा, लाकूड, टरफले नकोत. त्यांची उडवी दूर, वेगळी असावी. बाहेर पडायला दोन दारे, बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि रात्री कुलूप न लावलेली. निदान एका खिडकीचा गज उघडता यावा. सिलिंडर घराबाहेर. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून. आयएसआय चिन्हाची अग्निशामक नळकांडी, आणि ती चालवता येणारा माणूस रात्री हजर. शिमग्याच्या आत घराभोवतीचे गवत कापून मोकळा पट्टा. पंप वीज गेली तरी चालावा किंवा टाकी उंचावर भरलेली असावी. गाडी येईल एवढी वाट. मांडवासाठी भारतीय मानक आयएस 8758 आधीपासून आहे. त्यात कृत्रिम कापड आणि कृत्रिम दोर वापरू नयेत, विजेच्या तारांखाली मांडव घालू नये असे सांगितले आहे. किती मंडपवाल्यांनी ते ऐकले आहे?

तपासणी शिमग्यापूर्वी एकदा, गावातच, ठरलेल्या फीमध्ये व्हावी, आणि निकालाचा कागद दारावर लावावा. पाहुणा तो वाचून आत येईल. प्रामाणिक मालकाचा खर्च त्याच्या धंद्याची जाहिरात होईल आणि निष्काळजी शेजारी त्याला भाव पाडून हरवू शकणार नाही. विम्याचाही विचार करावा. घराच्या पॉलिसीवर पाहुण्यांचा धंदा लपवला तर नुकसान झाल्यावर दावा अडकतो.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू शकतो. वायरमनने कापडाला चिकटून तार नेऊ नये. सुताराने दार आत उघडणारे बसवू नये. लोहाराने गज करताना एक बिजागरीचा करावा. कापडवाल्याने विचारावे, हे कुठे लावणार? मी माझ्या दुकानात आता हा प्रश्न विचारतो. दोन गिऱ्हाइके गेली, तेवढा तोटा सोसवतो. आपण एकमेकांशी ठरवून सगळेच विचारू लागलो तर गिऱ्हाइकाला जायला दुसरे दुकान उरणार नाही.