यंत्रांना गारवा हवा. पण पाणी कोणाचे?

ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्याची जुनी ओळख रसायनांच्या कारखान्यांची. त्याच पट्ट्यातील ऐरोली, रबाळे, महापे या परिसरात आज अनेक मजली, जवळजवळ खिडक्या नसलेल्या अवाढव्य इमारती उभ्या राहत आहेत. ही ‘डेटा सेंटर्स’ होत. मोबाईलवर पाहिलेली चित्रफीत, बँकेतून पाठविलेले पैसे, आजारी माणसाने घरबसल्या पाहिलेली मिस्सा, हे सारे अशाच एखाद्या इमारतीतील संगणकांमधून आपल्यापर्यंत पोहोचते. समुद्राखालून येणाऱ्या दूरसंचार केबली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात आणि देशाचे आर्थिक व्यवहारही मुंबईतच एकवटलेले आहेत. त्यामुळे मुंबई महानगर प्रदेश हे भारतातील डेटा सेंटर्सचे सर्वांत मोठे केंद्र बनले आहे. राज्य शासनाने २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात या उद्योगाला सवलती दिल्या आहेत.

या उद्योगाविषयी रोजगार, गुंतवणूक आणि वेग यांची चर्चा होते. त्याच्या उष्णतेविषयी आणि त्या उष्णतेवर खर्च होणाऱ्या पाण्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वसईच्या आपल्या समाजाला पाण्याचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उष्णता जाते कोठे?

संगणकाला दिलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. हजारो संगणक रात्रंदिवस चालत असलेल्या दालनातून ही उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर काही मिनिटांतच यंत्रे बंद पडू लागतात. त्यामुळे अशा प्रत्येक केंद्रात संगणकांच्या जोडीला शीतकरणाची प्रचंड यंत्रणा असते आणि तिलाही वीज लागते. ही उधळपट्टी मोजण्यासाठी ‘ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंस्थेने २००७ साली ‘पीयूई’ नावाचे गुणोत्तर प्रचारात आणले. केंद्राने घेतलेल्या एकूण विजेला प्रत्यक्ष संगणकांनी वापरलेल्या विजेने भागले की हा आकडा मिळतो. तो १ असेल तर सगळी वीज कामी आली. तो २ असेल तर संगणकाच्या प्रत्येक युनिटमागे आणखी एक युनिट बहुतांशी थंडाव्यासाठी गेले.

या मोजमापाने खरोखर चांगले काम झाले. ‘अपटाइम इन्स्टिट्यूट’च्या पाहणीत २००७ साली हे सरासरी गुणोत्तर २.५ होते, पुढे ते १.६ च्या आसपास आले. त्यामागील उपाय साधे होते. थंड हवेची वाट आणि गरम हवेची वाट एकमेकांपासून वेगळी केली गेली. दालने बर्फासारखी गार ठेवण्याची गरज नाही, हे ध्यानात आले. अमेरिकेतील ‘ॲशरे’ या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये संगणकांत शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस हे तापमान योग्य ठरविले. २०१६ मध्ये गुगलने संगणकीय बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत वाचविल्याचे जाहीर केले. मात्र गेल्या दहा वर्षांत जागतिक सरासरी १.५ ते १.६ च्या घरातच रेंगाळली आहे. सोपे उपाय करून झाले. आता कठीण उरले आहेत.

नागपूरचा कूलर आणि वसईची हवा

थंडावा मिळविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आपल्या घरातील माठाला ठाऊक आहे. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. डेटा सेंटरच्या गच्चीवरील शीतमनोरे याच तत्त्वावर चालतात. वीज कमी लागते, पीयूईचा आकडा सुंदर दिसतो आणि पाणी मात्र आकाशात निघून जाते.

हिशेब करून पाहू. एक युनिट विजेइतकी उष्णता केवळ बाष्पीभवनाने काढायची तर सुमारे दीड लिटर पाणी लागते. ज्या केंद्रातील संगणक १० मेगावॉट वीज घेतात, त्यांची दिवसभराची उष्णता २ लाख ४० हजार युनिट इतकी होते. तिला रोज सुमारे ३ लाख ६० हजार लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे ३६ टँकर झाले. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे हा आपल्याकडील नियोजनाचा दंडक लक्षात घेता, एवढे पाणी सुमारे २,६०० माणसांना पुरेल. शीतमनोऱ्यात क्षार साचू नयेत म्हणून अधूनमधून पाणी सोडून द्यावे लागते, ते वेगळेच.

शिवाय हवामानाचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात नागपुरात पाण्याचा कूलर खोली गार करतो. तोच कूलर वसईत लावला तर केवळ दमटपणा वाढतो. कोरड्या किंवा थंड प्रदेशातील कंपन्यांचे उत्तम आकडे कोकण किनाऱ्यावर जसेच्या तसे उतरणार नाहीत, हे यावरून समजावे. फिनलंडमधील हामिना येथे गुगलने कागदाची जुनी गिरणी विकत घेऊन २०११ मध्ये डेटा सेंटर सुरू केले. तेथे फिनलंडच्या आखातातील थंड समुद्राचे पाणी उष्णता वाहून नेते. आपला अरबी समुद्र तसा थंड नाही.

मग पाणी टाळून केवळ हवेने थंड होणारी यंत्रणा बसवावी काय? तशी यंत्रणा आहे आणि ती पुष्कळ ठिकाणी वापरलीही जाते. परंतु तिला वीज जास्त लागते. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही कोळशापासून येतो आणि औष्णिक केंद्रेही पाणी पितात. केंद्र शासनाच्या २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे कमाल ३.५ लिटर पाण्याची मर्यादा घातली आहे. वरच्याच केंद्राने हवेच्या शीतकरणासाठी संगणकाच्या प्रत्येक युनिटमागे ०.२ युनिट जादा वीज घेतली असे समजू. तर त्या जादा विजेसाठी कोळशाच्या केंद्रात रोज १ लाख ६८ हजार लिटरपर्यंत पाणी खर्च होऊ शकते. एकूण पाणी कमी झाले हे खरे, पण उरलेला भार नवी मुंबईतून उठून विदर्भ–मराठवाड्यातील एखाद्या जलाशयावर गेला. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, याचे विस्मरण होऊ नये.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट पुढे येते. संगणकांना स्वतःला लागणारी २ लाख ४० हजार युनिट वीज कोळशाची असेल, तर तिच्यामागे ८ लाख ४० हजार लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. हे शीतमनोऱ्यातील पाण्याच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजेच गच्चीवर कोणते यंत्र बसविले आहे, या प्रश्नाइतकाच वीज कोठून आणली, हाही प्रश्न पाण्याचाच आहे. सौर आणि पवन विजेला पाणी नगण्य लागते. जे केंद्र केवळ आपला पीयूई जाहीर करते, ते या दोन्ही प्रश्नांवर मौन पाळते.

जगाने काय शिकविले?

अमेरिकेतील ओरेगन राज्यात ‘द डॅल्स’ हे छोटे शहर आहे. तेथील गुगलचे केंद्र किती पाणी घेते, हे एका वृत्तपत्राने विचारले. व्यापारी गुपित म्हणून ते सांगण्यास नकार मिळाला आणि २०२१ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. २०२२ च्या अखेरीस तडजोड होऊन आकडे बाहेर आले. २०२१ या एका वर्षात त्या केंद्राने सुमारे १३४ कोटी लिटर पाणी घेतले होते आणि शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाहून ते अधिक होते. चिली देशात सँतियागो शहराच्या सेरियोस भागात नियोजित केंद्राविरुद्ध रहिवाशांनी आवाज उठविला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण न्यायालयाने परवानगीचा काही भाग रद्द ठरविला; त्यानंतर कंपनीने हवेच्या शीतकरणाचा मार्ग पत्करला. लोकांनी विचारले म्हणूनच योजना बदलली.

आपल्याशी हवामानाने जवळचे असलेले सिंगापूर अधिक बोधप्रद आहे. तेथील शासनाने २०१९ पासून नव्या डेटा सेंटर्सच्या परवानग्या थांबविल्या. २०२२ मध्ये ही बंदी उठविताना पीयूई १.३ पेक्षा अधिक नसावा, अशी अट घातली. २०२३ मध्ये उष्ण कटिबंधासाठी वेगळे मानक जाहीर करून दालनांचे तापमान हळूहळू २६ अंश वा त्याहून वर नेण्याचा सल्ला दिला. प्रत्येक अंशामागे शीतकरणाची २ ते ५ टक्के ऊर्जा वाचते, असे तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे आहे.

नवे तंत्रज्ञानही आशादायक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या संगणकांच्या एकेका कपाटातून आता शंभर किलोवॉटपेक्षा अधिक उष्णता निघते. ती वाहून नेणे हवेच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून नळ्यांतून फिरणारा द्रव थेट चिपेपर्यंत नेला जातो. समान आकारमानाचे पाणी हवेपेक्षा तीन हजारांहून अधिक पट उष्णता वाहून नेते. हा द्रव बंद चक्रात फिरत असल्याने तो पुन्हा पुन्हा भरावा लागत नाही. शिवाय तो चाळीस अंशांच्या आसपास कोमट असला तरी चालू शकतो, त्यामुळे मुंबईच्या उन्हाळी हवेतही तो पुष्कळसा आपोआप निवतो. आपल्या दमट किनाऱ्याला साजेशी वाट बहुधा हीच आहे.

बचत झाली, मग वापर का वाढला?

येथे एक सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते की, वाफेची यंत्रे काटकसरी झाली तरी कोळशाचा खप कमी होत नाही. स्वस्त झालेल्या शक्तीची मागणी वाढते. डेटा सेंटर्सचा इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. २०१० ते २०१८ या काळात जगातील संगणनाचे काम कितीतरी पट वाढूनही वीज केवळ सुमारे ६ टक्क्यांनी वाढली. हे काटकसरीचेच यश होते. त्यानंतर मात्र चित्र पालटले. एकट्या अमेरिकेत डेटा सेंटर्सची वीज २०१८ मधील ७६ अब्ज युनिटवरून २०२३ मध्ये १७६ अब्ज युनिटवर गेली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील डेटा सेंटर्सनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर जाण्याचा अंदाज आहे.

गणित सोपे आहे. एखाद्या शहरातील केंद्रांचा पीयूई १.६ वरून १.३ वर आला, पण संगणक दुप्पट झाले, तर एकूण वीज ६२ टक्क्यांनी वाढते. गुणोत्तर सुधारते आणि ओझेही वाढते. धरणातून मात्र गुणोत्तर वाहत नाही, पाणी वाहते.

ख्रिस्तसभेची भूमिका

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे सांगितले. त्याच विश्वपत्रात त्यांनी घातक सवयींचे उदाहरण म्हणून वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराकडे बोट दाखविले होते. बाजार अशी मागणी निर्माण करतो आणि माणूस ती गरज समजू लागतो, असा त्यांचा रोख होता. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ‘अँटिक्वा एत नोवा’ या टिपणात कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणारी ऊर्जा आणि पाणी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचा अर्थ सांगताना १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’चे स्मरण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे आजचे तसेच आव्हान असल्याचे म्हटले. ख्रिस्तसभा तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. तंत्रज्ञानाचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, एवढेच ती विचारते.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींवरून गरारच्या गुराख्यांनी भांडण काढल्याची कथा आहे. वसईला ती कथा परकी वाटू नये. आपल्या गावांतील विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे गेले आणि मागे खारटपणा उरला, हे या भूमीने पाहिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढा उभा राहिला, तो पाणी आणि हिरवळ यांच्या रक्षणासाठीच. आज सूर्या धरणाचे पाणी वसई–विरारला आणि मीरा–भाईंदरला मिळावे यासाठी शेकडो कोटींच्या योजना झाल्या आहेत. त्या धरणाच्या परिसरातील आदिवासी पाड्यांची तहानही त्याच पाण्याशी बांधलेली आहे. उद्या डेटा सेंटर्स उत्तरेकडे सरकली, तर प्रश्न आपल्या दारात येईल.

आमच्या मते नागरिकांनी, लोकप्रतिनिधींनी आणि आपल्या धर्मग्रामांतील कार्यकर्त्यांनी काही साध्या मागण्या लावून धराव्यात. प्रत्येक डेटा सेंटरने पीयूईबरोबरच वर्षभरात घेतलेले एकूण पाणी आणि एकूण वीज जाहीर करावी. व्यापारी गुपिताची सबब पाण्याला लागू नये. शीतकरणासाठी पिण्याचे पाणी देऊ नये, प्रक्रिया केलेले सांडपाणीच द्यावे. नवी मुंबई महानगरपालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे येथे असे पाणी उद्योगांना पुरविण्याची व्यवस्था उभारली आहे, म्हणजे हे अशक्य नाही. शासनाच्या सवलती विजेच्या स्रोताशी आणि पाण्याच्या वापराशी जोडाव्यात. टंचाईच्या महिन्यांत आधी वस्ती, मग यंत्रे, हा क्रम परवानगीतच लिहिला जावा.

आणि आपणही थोडे अंतर्मुख व्हावे. एकच छायाचित्र दहा गटांत पाठविताना, कोणी न पाहणाऱ्या चित्रफिती वर्षानुवर्षे साठविताना, कोठेतरी एक यंत्र तापते आणि त्याला निवविण्यासाठी कोठेतरी पाणी किंवा कोळसा खर्च होतो. शीतकरण सुधारणे हे अभियंत्यांचे काम आहे आणि ते उत्तम रीतीने होत आहे, याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. वाचलेले पाणी कोणाच्या घागरीत जाईल, हे ठरविण्याचे काम मात्र समाजाचे आहे.