फुकटची जमीन

"तुला खेळताच येत नाही, पानाला कशाला नावं ठेवतोस?"

हे वाक्य मी आमच्या विंगमधल्या एका एफईच्या ज्युनियरला ऐकवलं, आणि त्यानंतर तो पंधरा दिवस आमच्या खोलीकडे फिरकला नाही. ज्या पानावरून हे झालं ते मी स्वतः बनवलेलं होतं. म्हणून हा लेख. (संपादकांनी "हॉस्टेल लाइफवर काहीतरी दे" असं सांगितलं होतं. हे हॉस्टेल लाइफच आहे.)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. रचणारा रिचर्ड गारफील्ड हा गणितातला पीएचडी, विषय कॉम्बिनेटोरिक्स. रमीसारखा एक कॅट सगळ्यांत वाटून घ्यायचा, असं इथे नाही. प्रत्येक जण आपापला किमान साठ पानांचा डेक रचून आणतो. दोघांना वीस-वीस जीव. समोरच्याचा शून्य झाला की डाव संपला. राक्षस, मंत्र वगैरे खेळायला 'माना' लागतो आणि माना देतात जमिनीची पानं. मूळ जमिनी पाच : प्लेन्स, आयलंड, स्वॉम्प, माउंटन, फॉरेस्ट. प्रत्येकीचा रंग वेगळा. पान आडवं केलं की त्या रंगाचा एक माना मिळतो. एका पाळीत जमीन मात्र एकच टाकता येते.

अस्सल पानं आम्हाला परवडत नाहीत. झेरॉक्स, कार्डशीट, कात्री आणि प्लॅस्टिकचं कव्हर यांवर आमचं भागतं. एकदा हातात कात्री आली की माणूस स्वतःची पानं काढायला लागतो, हे ओघानंच आलं.

राक्षस सगळेच काढतात. कुणी रेक्टर काढला, कुणी मेसची डाळ काढली (समोरच्याची सगळी प्राणी-पानं एक पाळी आडवी!). ही पानं थोडी कमीजास्त झाली तरी फारसं बिघडत नाही, कारण त्यांना किंमत असते. डाळ फार जोरात चालायला लागली तेव्हा तीन मानाची चार मानाची केली, विषय संपला. जमिनीला मात्र किंमतच नसते. ती टाकायला माना लागत नाही. ती मंत्र नसल्यामुळे समोरचा 'काउंटरस्पेल' टाकून तिला अडवू शकत नाही. म्हणजे जमिनीवर तुम्ही जे काही जास्तीचं लिहाल ते खेळणाऱ्याला आयतं मिळतं, आणि फुगवायला तिच्या कोपऱ्यात मानाचा आकडाही नसतो. म्हणून माझं ठाम मत झालंय की घरगुती पानांत सगळ्यांत अवघड पान जमिनीचं. आणि आमच्याकडे सगळ्यांत निष्काळजीपणानं तेच काढलं जातं.

आता माझ्या पापाकडे वळतो. पानाचं नाव 'गच्ची'. काळा किंवा लाल, हवा तो माना देणारी जमीन. ही हाव का सुटते ते गणितात दिसतं. चोवीस जमिनींपैकी बारा काळ्या आणि बारा लाल ठेवल्या, तर पहिल्या सात पानांत एकही काळी जमीन न येण्याची शक्यता १९ टक्के. दोन्ही रंग देणाऱ्या चार जमिनी घातल्या आणि बाकीच्या दहा-दहा केल्या, की तीच शक्यता १४ टक्क्यांवर येते. (एम-थ्रीला हे कुणी असं शिकवलं असतं तर माझी केटी वाचली असती. असो.)

नुसती दोन रंगांची जमीन काढली तर ती मूळ जमिनीपेक्षा सरसकट सरस ठरते. १९९३ च्या पहिल्या ड्युअल जमिनी तशाच होत्या, दोन रंग आणि तोटा काहीच नाही. १९९६ साली कंपनीनं पुन्हा न छापायच्या पानांची यादी जाहीर केली, त्यात त्या गेल्या. नंतरच्या जोडजमिनींना काही ना काही तोटा लावलेला दिसतो. १९९५ च्या 'आइस एज'मधल्या जमिनी रंगीत माना देताना एक जीव खातात. २००५ च्या 'रॅव्हनिका'तल्या जमिनी दोन जीव द्या नाहीतर आडव्याच येतात, म्हणजे त्या पाळीला निकामी. त्याच संचातल्या दुसऱ्या जमिनी मला फार आवडतात. त्या आडव्या येतात, आधीची एक जमीन हातात परत पाठवतात, पण मग दोन माना देतात. वेळ घेतात आणि पान देतात. असा सौदा सुचायला डोकं लागतं.

मीही गच्चीला तोटा लावला : ती खेळात आली की हातातलं एक पान फेकायचं. एक अख्खं पान! मला वाटलं, एवढी किंमत दिल्यावर कोण तक्रार करेल? उलट गच्ची कुणी डेकमध्ये घेणारच नाही, अशी धास्ती होती.

घेतली मी. माझा डेक मसणवट्याचा, म्हणजे मेलेले राक्षस उठवणारा. १९९७ चं 'रीअॅनिमेट' हे पान एका काळ्या मानात मसणवट्यातला राक्षस उठवतं आणि त्याच्या किमतीएवढे जीव तुमच्याकडून घेतं. आता हिशोब करा. पहिली पाळी. गच्ची टाकली. फेकायचं पान म्हणून आठ मानाचा राक्षस फेकला. गच्ची आडवी केली, काळा माना, रीअॅनिमेट. आठ जीव गेले, बारा उरले आणि पहिल्याच पाळीला आठ मानाचा राक्षस मैदानात. समोर ज्युनियर बसलाय, त्याच्याकडे अजून एकही जमीन नाही.

राक्षस मसणवट्यात पोचवायला एरवी वेगळं पान लागतं. २००१ चं 'एन्टूम' आहे, त्यालाही एक माना पडतो. ते पान, तो माना आणि ती पाळी गच्चीनं वाचवली. मी जो तोटा म्हणून लिहिला होता तो माझ्या डेकला बक्षीस होता.

ज्युनियर तिसरा डाव हरल्यावर म्हणाला, "दादा, ही जमीन फुकट आहे." मी म्हटलं, फुकट कशी, एक पान जातंय ना. आणि पाचव्या डावानंतर ते वरचं वाक्य.

मोठ्या कंपनीच्याही हातून हे झालंय, एवढंच माझं समाधान. १९९३ च्या 'अरेबियन नाइट्स'मधली 'बझार ऑफ बगदाद' ही जमीन माना देतच नाही. दोन पानं ओढा, तीन फेका, बस. कागदावर निव्वळ घाटा. पण मसणवट्यातून चालणारे डेक वाढत गेले, २००५ साली 'ड्रेज' आलं, आणि जुन्या पानांच्या स्पर्धांत तीच जमीन दहशत ठरली. पान तेच राहिलं होतं, भोवतालची पानं बदलली होती. २००३ च्या 'मिरोडिन'मधल्या यंत्रजमिनी पाहा. प्रत्येकी एकाच रंगाचा एक माना, फक्त जमिनीबरोबर यंत्र म्हणूनही मोजायच्या. काय बिघडणार होतं? पण त्याच संचात यंत्रं जितकी जास्त तितकी स्वस्त होणारी पानं होती. मार्च २००५ मध्ये त्या जमिनींवर स्टँडर्ड प्रकारात बंदी आली.

आमच्या कट्ट्यावरचा वाद इथे सुरू होतो. माझा रूममेट म्हणतो, बॅलन्स म्हणजे फायदा तितका तोटा, दोन्ही पारडी सारखी केली की झालं. मला हे आता पटत नाही. तोट्याचं वजन पानावर नसतं, ते कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. दोन जीव गमावणं झटपट मारामारीच्या डेकसमोर महाग, संथ डेकसमोर चिल्लर. आडवी जमीन पहिल्या पाळीला झोंबते, दहाव्या पाळीला कुणी बघतही नाही. त्यामुळे तोटा लिहिताना एकच प्रश्न विचारावा : हाच तोटा कोणाला हवाहवासा वाटेल? त्या माणसाला पान आधी द्यावं.

आणि दुसरं, हे रूममेटला बिलकुल पटलेलं नाही : पान ज्यानं काढलं त्यानं ते पास करू नये. मी गच्ची वीसेक डाव तपासली होती. पण सगळे डाव मी तिच्या बाजूनं बसलो होतो! आपलाच प्रोजेक्ट आपणच तपासून आपणच टर्मवर्क द्यायचं, त्यातला प्रकार. रूममेट म्हणतो, असं केलं तर कुणी पानं काढणारच नाही, सगळी मजा जाईल. माझा ज्युनियर गेला होता, ही मजा कुठल्या पारड्यात घालायची?

पंधरा दिवसांनी मी त्याच्या खोलीवर गेलो. सॉरी म्हणायला जीभ वळेना, म्हणून म्हटलं, "चल, आज डेक बदलून खेळू. गच्ची तुझ्याकडे." पाचांत चार डाव मी हरलो. दोनदा तर माझी पहिली जमीन पडायच्या आत समोर राक्षस उभा. त्यानं हसायला पाहिजे होतं, हसला नाही. नुसता पानं पिसत राहिला. त्या रात्री मी गच्चीच्या चारही प्रती फाडल्या. (लॅमिनेशन फाटत नाही, कात्री लागली.)

दुसऱ्या आवृत्तीत पान फेकायचं नाही, डेकच्या तळाशी सारायचं, असं केलं. मसणवटा तुटला, खोट गेली. पण मग खरंच एक अख्खं पान जायला लागलं आणि गच्ची कुणी घेईना, मीसुद्धा. तिसऱ्या वेळी मला वाटलं, जमलं : तुमच्याकडे आधीच दोन मूळ जमिनी असतील तर सरळ येते, नाहीतर आडवी. लोभी माणसाला चाप, मूळ जमिनींनाही मान. दोन दिवस छाती फुगवून फिरलो. मग ज्युनियरनंच दाखवलं, की अगदी असल्याच जमिनी २०१५ च्या 'बॅटल फॉर झेंडिकार'मध्ये छापून झाल्यात.

सध्या आमच्या विंगमध्ये तीच गच्ची चालते. ज्युनियरनं आता स्वतःची एक जमीन काढलीय, नाव 'टपरी'. तिचा तोटा असा, की ती आली की समोरचा एक पान ओढतो. मला ती बरी वाटते, पण समोरच्याला पानं ओढायला लावूनच त्याला मारणारा डेक बीईच्या एकाकडे आहे. शनिवारी मेस सुटल्यावर टपरी त्याच्या हातात द्यायची ठरलीय. विरुद्ध बाजूला मी बसणार आहे.