रानवाटेचे आरोग्य : औषधे दोन, गोळी एक

पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की गडचिरोलीतल्या भामरागडचा आलापल्लीशी संपर्क तुटतो. घरातल्या स्ट्रिपमध्ये चारच गोळ्या उरलेल्या असल्या, तर बीपीचा रुग्ण काय करणार?

गडचिरोली म्हटले की मलेरिया आठवतो. पण ‘सर्च’ या संस्थेने एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा सर्वाधिक बळी लकव्याचे निघाले : १,५९९ पैकी २२९, म्हणजे सातातला एक. बहुतेकांनी घरीच प्राण सोडला. आणि लकव्यामागचे सर्वांत मोठे, आटोक्यात आणता येणारे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब.

सरकारी दवाखान्यात उपचाराची सुरुवात सहसा ॲम्लोडिपिनच्या एका गोळीने होते. महिन्याभरात बीपी उतरले नाही, तर डोस वाढतो किंवा टेल्मिसार्टन जोडले जाते. कागदावर ही पायरी सोपी दिसते. जिवतीच्या पहाडावरच्या माणसाला मात्र प्रत्येक पायरीपायी एक खेप घालावी लागते, एक रोजी बुडवावी लागते. मे महिन्यात तेंदूपाने तोडायला निघालेली बाई तर ती खेप चुकवणारच.

डोस वाढवण्यातही मेख आहे. ॲम्लोडिपिन जास्त झाले की काहींचे पाय सुजतात. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहतो. ‘गोळीनं पाय फुगले’ म्हणत गोळी बंद होते. जोडीला टेल्मिसार्टन असले तर ही सूज कमी होते. २००९ मध्ये ४२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले, की एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातले दुसरे औषध जोडल्याने रक्तदाब सुमारे पाचपट अधिक उतरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशी दोन औषधे एकाच गोळीत असलेल्या जोडगोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. सुरुवातच शक्यतो एका गोळीतल्या दोन औषधांनी करावी, असे २०२१ मध्ये सुचवले.

सरसकट सर्वांना मात्र जोडगोळी देता येणार नाही. गरोदर बाईला टेल्मिसार्टन वर्ज्य. कृश, थकलेल्या म्हाताऱ्याला उठताना भोवळ येऊ शकते. ही पारख डॉक्टरांनीच करायची. पण ज्यांना चालते, त्यांच्यासाठी जोडगोळी उपकेंद्राच्या कपाटात हवी, आणि भामरागडसारख्या तालुक्यांत मृगाआधी तीन महिन्यांचा साठा घरोघरी पोचायला हवा.