जुनं मशीन, घरची जीप आणि वाचवलेलं भाडं

बारामती, भिगवण, इंदापूर या पट्ट्यात फर्निचरच्या धंद्यात उतरणारा सुतार पहिलं मोठं मशीन बहुधा जुनंच घेतो, आणि त्यात वावगं काही नाही. बिडाचं रंधा मशीन नीट राखलं तर दोन पिढ्या चालतं; बेअरिंग बदलली, ब्लॉकला नवी पाती लावली की पुन्हा कामाला तयार. पुण्यात टिंबर मार्केटच्या आसपास किंवा बंद पडलेल्या एखाद्या कारखान्यात सौदा ठरतो, घासाघीस होते, हजार-दोन हजार कमी होतात. मग ते गावी आणायचं कसं, हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. घरची बोलेरो आहे, मागच्या सीटा काढू, चार पोरं हात लावतील; नाहीतर भावकीतल्या कुणाचा तरी ट्रॅक्टर आहेच. माझं म्हणणं असं की चार माणसांना सहज उचलता येत नाही ते मशीन घरच्या गाडीत घालूच नये. टेम्पोचं भाडं आणि चढवण्या-उतरवण्याचा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा, आणि तेवढे पैसे हाताशी नसतील तर सौदा महिनाभर पुढे ढकलावा.

पहिली गफलत वजनाच्या अंदाजात होते. सुताराचा अंदाज लाकडावर तयार झालेला असतो. सागाचा तुकडा पाहूनच तो किती घनफूट आणि उचलायला किती जड हे त्याला कळतं. घनफूटभर वाळलेला साग अठरा-एकोणीस किलो भरतो. तेवढंच बीड दोनशे किलोंच्या वर जातं, म्हणजे अकरा पट. रंधा मशीनचं नुसतं टेबल घ्या. चार फूट लांब, एक फूट रुंद, दीड इंच जाड अशी बिडाची पाटी शंभर किलोंची होते, आणि त्याच मापाची सागाची फळी नऊ-साडेनऊ किलोंत आटोपते. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. अशी दोन टेबलं, खालचा सांगाडा, ब्लॉक आणि मोटर एकत्र केली की बारा इंची साधं मशीनसुद्धा दोन-तीनशे किलोंच्या घरात जातं. चोवीस इंची थिकनेस प्लेनर तर टनाच्या आसपास पोचू शकतो. मोटरच्या पाटीवर अश्वशक्ती असते, फेरे असतात, व्होल्टेज असतं. अख्ख्या मशीनचं वजन जुन्या मशीनवर क्वचितच लिहिलेलं सापडतं, आणि विकणारा विचारल्यावर जो आकडा सांगतो तो गिऱ्हाइकाच्या गाडीकडे बघून सांगतो, असा संशय घ्यायला जागा आहे.

यावर जीपवाला म्हणतो, सात माणसं बसतात की गाडीत! खरं आहे, सात माणसं म्हणजे साडेचारशे किलो. पण ती सात माणसं तीन रांगांत विभागून बसतात, त्यातले पाच जण दोन्ही एक्सलच्या मध्ये, आणि त्यांतल्या निदान काहींनी पट्टा लावलेला असतो. मशीनचा सगळा भार मात्र दोन-अडीच फुटांच्या जागेत, मागच्या एक्सलवर किंवा त्याच्याही मागे पडतो. मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बँडसॉ असेल तर आणखी पंचाईत, कारण त्याचं वरचं जड चाक चार-पाच फुटांवर असतं आणि वळणावर सगळा तोल तिथूनच जातो. ब्रेकचा हिशेब तर कुणी करतच नाही. माल बांधण्याचं युरोपीय मानक असं सांगतं की मालाच्या वजनाच्या आठ दशांश इतका जोर पुढच्या बाजूला आणि निम्मा जोर मागे व दोन्ही बाजूंना थोपवता आला पाहिजे. जीपच्या रंगवलेल्या पत्र्यावर नुसत्या घर्षणाने पाव हिस्सा थोपवला गेला तरी पुष्कळ. बाकीचा भार कशावर असतो? नायलॉनच्या दोरीवर, जी ताणली की लांबते आणि गाडीच्या हादऱ्यांनी जिची गाठ सैल होते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून मीटरभरात थांबली, तर ३०० किलोंचं मशीन पुढच्या सीटवर सुमारे तीन टनांच्या जोराने येतं. त्या सीटवर बहुतेक वेळा ज्याने ते विकत घेतलं तोच बसलेला असतो.

आक्षेप येतो की वर्षानुवर्षं सगळे असंच आणतात, कुणाला काय झालं? हा आक्षेप या भागात विशेष जोरात येतो आणि त्याचं कारण ऊस आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, नीरा-भीमा; गळीत हंगामात या कारखान्यांकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगा रोज बघणाऱ्या माणसाला दोन-तीनशे किलोंचं मशीन म्हणजे काहीच वाटत नाही. पण उसाच्या मोळ्या एकमेकींत अडकून बसतात, भार ट्रॉलीच्या तळावर सारखा पसरतो आणि ट्रॅक्टर रांगतच चाललेला असतो. (म्हणून ती वाहतूक सुरक्षित आहे असं मुळीच नव्हे, रात्री रिफ्लेक्टरशिवाय उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळून माणसं मरतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) मशीनचे पाय चार आणि टेकण्याची जागा टीचभर. शिवाय बहुतेक शेती ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, ट्रॅक्टरने थांबवलं तरच त्या थांबतात. रस्तेही पूर्वीचे राहिलेले नाहीत. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी करण्याची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, आणि पुणे-सोलापूर महामार्ग तर आधीपासूनच वेगाचा. जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर तीसच्या वेगाने जे निभावून गेलं, ते ऐंशीच्या वेगाच्या वाहतुकीत निभावेलच असं नाही.

कायद्याची बाजू लोक हसण्यावारी नेतात, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(१४) मध्ये मालवाहू वाहनाची व्याख्या आहे. मालासाठी बांधलेलं वाहन तर तिच्यात येतंच, पण तसं बांधलेलं नसून मालासाठी वापरलेलं वाहनही येतं. माल बॉडीच्या बाहेर, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच गेला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. मागचं दार उघडं ठेवून, त्यातून बँडसॉचं डोकं बाहेर काढून चाललेली जीप बारामतीच्या एमएच-४२ पाटीची आणि ओळखीची, म्हणून कदाचित सुटेल. विमा कंपनी मात्र ओळख पाहत नाही. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने देणं, शर्यती यांच्या जोडीला तिथे मालवाहतूकही वगळलेली असते, अपवाद फक्त नमुने आणि वैयक्तिक सामानाचा. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामापुरती असते, आणि फर्निचरचं मशीन हे शेतीकाम नव्हे. तीनशे किलोंचा रंधा हे वैयक्तिक सामान आहे की माल, यावर वाद घालता येईल. पण तो वाद अपघातानंतर, दवाखान्याचं बिल हातात असताना घालावा लागतो.

खरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. साठ-सत्तर हजारांच्या मशीनसाठी कर्ज काढलेल्या माणसाला पुण्याहून टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं टोचणारच. पण जाऊन-येऊन भाडं द्यायचं कशाला? बारामती-इंदापूरकडून डाळिंब, पेरू, भाजी घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाणारे टेम्पो माल उतरला की रिकाम्या क्रेटसह परत फिरतात. परतीचा टेम्पो म्हटलं की भाडं उतरतं, कारण डिझेल तसंही जळणारच असतं. यासाठी मशीन उचलायची वेळ आपल्या सोयीने नव्हे तर टेम्पोच्या सोयीने ठरवावी लागते, एवढाच त्रास. दुसरी गोष्ट वजनाच्या मानाने गाडी निवडण्याची. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, मालवाहू तीनचाकी इथेच बनते, आणि गावातल्या गावात अर्ध्या टनापर्यंतच्या मशीनला ती पुरते. शंभर किलोमीटरच्या महामार्गाला मी ती सुचवणार नाही. तिथे २००५ पासून छोटा हत्ती म्हणून ओळखला जाणारा टाटा एस किंवा त्याहून मोठा पिकअप हवा. अशी गाडी पाहुण्या-रावळ्यांत कुणाकडे असली तर कायद्यानेही वाट मोकळी आहे. तीन हजार किलोंपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाला परमिटची अट नाही, आणि साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

वाटही पारखून घ्यावी. सासवडमार्गे आलं तर दिवे घाट, पाटसवरून बारामतीकडे वळलं तर रोटीचा लहान घाट, आणि दोन्ही ठिकाणी पुण्याकडून येताना चढ लागतो, म्हणजे मशीन मागच्या फाळक्याकडे सरकू पाहतं. बांधणारे पुढची बाजू आवळतात आणि मागची मोकळी सोडतात ती नेमकी इथे नडते. आषाढीच्या दिवसांत तर हा विषय काढूच नये; तेव्हा तो रस्ता वारकऱ्यांचा.

घरच्या गाडीला यात काहीच काम नाही असं मात्र मी म्हणत नाही. मशीन सुटं करून आणायला ती उत्तम. मोटर, टेबलं, गाइड, पट्ट्याच्या पुल्या आणि पाती काढून, चिंध्यांत गुंडाळून, जीपच्या तळाशी एकेक ठेवावी. उरलेला सांगाडा टेम्पोत जाऊ द्यावा. सुटं करताना खुणा करायच्या आणि पॅकिंगचे पातळ पत्रे ज्याचे त्याला बांधून ठेवायचे, कारण तेच हरवले तर टेबलांची लेव्हल लावताना नाकी नऊ येतात. सांगाड्यासाठी सुताराकडे उपाय हाताशीच असतो. चार बाय चारच्या दोन तुळया मशीनच्या फाउंडेशनच्या भोकांतून बोल्टने आवळायच्या, आणि तुळयांसकट ते टेम्पोच्या लाकडी तळाला ठोकळे मारून पक्कं करायचं. मग रॅचेटचे पट्टे चार दिशांना, सांगाड्याला घेऊन. टेबलाला किंवा ब्लॉकला कधीही नाही. बीड वाकत नाही, ते तडकतं, आणि तडकलेलं टेबल वेल्डिंग करून पुन्हा सपाट मिळण्याची आशा कमीच. उतरवताना तर निम्मे अपघात व्हायचे तिथेच होतात. अडीच फूट उंचीवरून दहा फुटी फळ्यांवर चारशे किलोंचं मशीन सोडलं की ते शंभर किलोंच्या जोराने खाली ओढ घेतं, आणि खाली उभा असतो तो दुकानातला सगळ्यात तरुण पोरगा. वरून दोराने धरणारे हवेत, खाली कुणीही नको. त्यापेक्षा एमआयडीसीतली हायड्रा क्रेन तासाभरासाठी सांगावी. आडगावात ती मिळाली नाही तर विहिरीवरच्या यारीवाल्याला विचारावं, वजन अलगद उतरवणं हा त्याचा रोजचाच धंदा आहे.

सुताराला एवढं सांगितल्यावर सरकारलाही दोन शब्द सांगायला हवेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण मिळतं, अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज मिळतं. त्या प्रशिक्षणात तासभर जड मशीन बांधण्या-उतरवण्याला दिला, आणि कर्जाच्या अंदाजपत्रकात मशीनच्या खाली वाहतुकीची एक ओळ सक्तीने भरून घेतली, तर बँकेचंही काही बिघडत नाही. जुनी मशीनं विकणाऱ्यांनी बिलावर वजन लिहावं. त्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही, गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कम देण्याआधी मागितलं की ते लिहून मिळतं. न दिल्यास मशीन टेम्पोत चढल्यावर पहिल्या वजनकाट्यावर थांबायचं आणि उरलेले पैसे पावती बघून द्यायचे.