भाकर अडकण्याआधी



परवा अमडापूरच्या बाजारात एक ओळखीचे शेतकरी भेटले. अंगाने पार वाळलेले. म्हणाले, "साहेब, दोन महिने झाले, भाकर उतरत नाही. वरणात कुस्करून खातो. सोयाबीन सोंगून होऊ द्या, मग दवाखाना पाहू." सोंगणी मुलावर सोपवा आणि उद्याच निघा, असे मी त्यांना सांगितले.

तुरीवरचा मर रोग आपण जाणता. झाड सुकलेले दिसते तोवर खोडाच्या आत काळ्या रेघा पडलेल्या असतात. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे तसेच आहे. नळी ताणली जाते, म्हणून गाठ बरीच वाढल्यावरच घास अडकू लागतो. त्याआधी अस्तरावर नुसता चट्टा असतो. तो दुखत नाही, खुपत नाही.

दुर्बिणीच्या पांढऱ्या उजेडातही हा चट्टा नजरेतून सुटू शकतो. म्हणून डॉक्टर दोन युक्त्या करतात. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकले की तो निळाकाळा होई, ते आठवा. अन्ननलिकेच्या निरोगी पेशींतही ग्लायकोजेनचा साठा असतो. आयोडीन फवारले की त्या तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींत हा साठा नसल्यासारखाच, म्हणून ती जागा फिकी राहते. (थायरॉईडचा विकार किंवा आयोडीनचे वावडे असेल तर आधी सांगावे.) दुसरी युक्ती उजेडाची. फक्त निळा व हिरवा उजेड टाकतात. तो रक्तात शोषला जातो, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या ठळक दिसतात. बिघडलेल्या जागी त्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या असतात. तेथला कणभर तुकडा तपासल्यावरच निदान पक्के होते. रोग वरच्या थरातच असेल, तर बहुधा छाती न उघडता दुर्बिणीतूनच तो काढता येतो.

सरसकट सर्वांनी दुर्बीण घालून घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण तंबाखू, बिडी, दारूची जुनी सवय असेल, किंवा तोंडाचा, घशाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारा. ६५ अंशांपेक्षा गरम पेयेही या रोगाला बहुधा कारण होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली सांगितले. चहा बशीत ओतून पिण्याची आपली रीत काही वाईट नव्हती!

परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. आपल्याला जवळ छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तेथेच करा. शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर ठेवा. तपासणीला उपाशीपोटी जायचे असते. गुंगीचे औषध दिले तर त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, म्हणून घरचे कोणीतरी सोबत न्या.