कादंबरीआधी आली जाहिरात

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनातून बाहेर पडून महात्मा गांधी रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर सुरेंद्रनाथ कॉलेज लागते. पूर्वीचे रिपन कॉलेज ते हेच. तिथून चार पावलांवर जुनी मिर्झापूर स्ट्रीट आहे. आता तिला सूर्य सेन यांचे नाव दिले आहे. शिकायला किंवा नोकरीसाठी खेड्यातून येणारी बंगाली मुले एकेकाळी याच भागातल्या मेसमध्ये राहत. एका खोलीत तीन-चार खाटा, खाली ट्रंका आणि उशाशी पुस्तके. अशा खोल्यांमध्ये किती हस्तलिखिते जन्मली आणि किती रद्दीत गेली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

'पथेर पांचाली'चे लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय याच मुलांपैकी एक. जन्म १८९४चा. गाव बनगावजवळचे बराकपूर. (मंगल पांडेंचे बराकपूर वेगळे. सियालदहहून गाड्या मात्र दोन्हीकडे जातात.) वडील आपल्याकडच्या पुराणिकबुवांसारखे गावोगावी कथा सांगत, घरात दारिद्र्य. विभूतिभूषण १९१८ साली रिपन कॉलेजातून बी.ए. झाले आणि त्याच वर्षी, लग्नाला जेमतेम वर्ष होते न होते तोच, पत्नी गौरीदेवी वारल्या. पुढचे शिक्षण अर्धवट राहिले आणि खेड्यातली मास्तरकी गळ्यात पडली. पंचविशीतल्या या विधुर मास्तराकडे पाहून, हा पुढे मोठा लेखक होईल असे कोणी म्हटले नसते. त्यांना स्वतःलाही तसे वाटत नव्हते.

१९२०च्या सुमारास ते सियालदहच्या दक्षिण मार्गावर, सोनारपूरजवळच्या हरिनाभी गावच्या शाळेत शिकवत होते. तिथे घडलेला प्रसंग त्यांनीच पुढे सांगून ठेवला आहे. गावात कविता करणारा एक उत्साही मुलगा होता. तो मास्तरांच्या मागे लागला, आपण दोघे मिळून स्वस्त कादंबऱ्यांची माला काढू. मास्तरांनी बोलणे हसण्यावारी नेले. काही दिवसांनी पाहतात तो गावभर कागद चिकटवलेले! मास्तरांची 'चंचला' ही कादंबरी लवकरच प्रसिद्ध होणार, अशी जाहिरात. बरोबरचे शिक्षक अभिनंदन करू लागले, पुस्तक कधी येणार म्हणून विचारू लागले. मास्तरांनी तोपर्यंत एक ओळ लिहिलेली नव्हती. त्या पोराला रागे भरण्यापलीकडे हातात काही नव्हते.

लोकांपुढे तोंड दाखवायचे तर काहीतरी लिहिणे भाग होते. कादंबरी कुठून आणणार? निदान एखादी गोष्ट तरी! पण विषय? शाळेच्या वाटेवर पाण्याची घागर घेऊन जाणारी गावातली एक तरुण सून त्यांना रोज दिसे. एवढाच धागा धरून त्यांनी 'उपेक्षिता' ही कथा लिहिली. लिहायला बसलेले किती तरुण 'विषय सुचत नाही' म्हणून कागद तसाच ठेवून उठतात! त्यांना अपूर्व काही हवे असते. विभूतिभूषणांना रोजच्या वाटेवरची एक घागर पुरली.

कथा कोलकात्याला मासिकाच्या कचेरीत पोहोचली आणि मग सुरू झाली ती वाट पाहण्याची शिक्षा. काही आठवड्यांनी जाडसर लिफाफा आला. जाड लिफाफा म्हणजे साभार परत, हे गणित लिहिणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. कोणी पाहू नये म्हणून त्यांनी तो लपवला. उघडला तेव्हा कथा होतीच, पण सोबत चिठ्ठीही होती. कथा पसंत आहे, थोडा फेरफार करून लगेच परत पाठवा! १९२२च्या जानेवारीत, बंगाली माघ महिन्याच्या अंकात, 'उपेक्षिता' छापून आली ती 'प्रवासी'त. रामानंद चट्टोपाध्यायांचे हे मासिक म्हणजे रवींद्रनाथ ज्यात लिहीत ते.

एक कथा छापून आली की शंका संपतात, असा नवोदितांचा समज असतो. विभूतिभूषणांच्या बाबतीत पुढची काही वर्षे वणवणीचीच गेली. गोरक्षणाचे प्रचारक म्हणून हिंडणे झाले, खेलात घोष यांच्या घराण्यात शिकवणी झाली आणि मग त्यांच्याच जमीनदारीची देखरेख करायला भागलपूरकडच्या जंगलात रवानगी झाली. तिथे १९२५ साली 'पथेर पांचाली' सुरू झाली. पूर्ण व्हायला तीन वर्षे लागली. पहिल्या खर्ड्यात दुर्गा नव्हतीच म्हणतात. भागलपूरमध्ये मोकळ्या केसांची एक मुलगी दिसली, तिचा चेहरा मनातून जाईना, तेव्हा लिहिलेले बाजूला सारून त्यांनी कादंबरी नव्याने लिहिली, अशी हकिगत सांगतात. दुर्गेशिवायचा अपू आज कल्पनेतही आणता येत नाही. इतके लिहून झालेले बाजूला सारायला मात्र छाती लागते.

त्यांना धीर देणारेही भेटले. उपेंद्रनाथ गंगोपाध्यायांनी १९२८ साली कादंबरी आपल्या 'विचित्रा' मासिकात क्रमशः घेतली. रिपन कॉलेजातले आणि मिर्झापूर स्ट्रीटच्या मेसमधले सोबती नीरद चौधुरी 'लिही, लिही' म्हणून पाठीशी लागत. गंमत अशी की, ज्या आत्मचरित्राने स्वतः नीरदबाबूंचे नाव झाले, ते १९५१ साली म्हणजे त्यांच्या पन्नाशीनंतर आले. प्रकाशक कचरत असताना सजनीकांत दास पुढे झाले आणि १९२९ साली पुस्तक निघाले. मास्तर तेव्हा पस्तीस वर्षांचे होते.

मराठी वाचकांना मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र घरचे वाटले. विभूतिभूषण पुष्कळांपर्यंत पोहोचले ते सत्यजित राय यांच्या १९५५च्या चित्रपटामुळे. तो पाहायला विभूतिभूषण नव्हते; १९५० साली घाटशिला येथे त्यांचे निधन झाले होते. पुढे कोलकात्यात शिक्षकी करतानाही ते त्याच मेसमध्ये राहिले आणि सुट्टी लागली की सियालदहहून गाडी पकडून गावाकडच्या नदीकाठी जात राहिले. पन्नासच्या आसपास पुस्तके त्यांनी लिहिली. हरिनाभीच्या भिंतींवर जिची जाहिरात झाली होती ती 'चंचला' मात्र त्यांत नाही.